पट्टा फक्त कुत्र्याला

कुत्र्याला गाडीत पट्टा बांधायचा, एवढंच मी ठरवलं होतं. आमच्या घरात कुणी काही ठरवलं की पुढे काय होतं, हे खरं तर मला माहीत असायला हवं होतं. मी इंजिनियर व्हायचं हेही एकदा असंच ठरलं होतं (बाबांनी ठरवलं, मला नंतर कळवण्यात आलं). पाचव्या सेमिस्टरला मी कॉलेज सोडून बॅग उचलून घरी आलो. तेव्हापासून बाबा माझी ओळख करून देताना 'हा आमचा मुलगा' एवढं म्हणतात आणि पुढचं वाक्य गिळतात. ते एरवी वाक्य गिळणाऱ्यांतले नाहीत, म्हणून जास्त लागतं.

तर झालं असं, की आमच्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्याला व्हॅनसाठी ड्रायव्हर हवा होता. आजारी कुत्री, मांजरं, ससे घरून उचलायचे, दवाखान्यात आणायचे, बरे झाले की परत पोचवायचे. मला गाडी चालवता येते आणि माणसांपेक्षा जनावरं बरी वाटतात, म्हणून मी अर्ज केला. डॉक्टरबाईंनी फोनवर मार्क विचारले नाहीत, कॉलेज का सोडलं तेही विचारलं नाही. सोमवारी अकरा वाजता आपल्या घरचं जनावर आपल्याच गाडीतून घेऊन या म्हणाल्या. मी दारात उभी राहीन आणि ते गाडीतून कसं उतरतं ते बघेन, तीच तुमची मुलाखत.

इकडे बाबांनी कॉलेजात पुन्हा नाव घालायचा फॉर्म आधीच भरून ठेवला होता. सगळे रकाने त्यांच्या अक्षरात, सही तेवढी माझी बाकी. सोमवारी नोकरी लागली तर विषय संपला. नाही लागली तर मंगळवारी सकाळी मी मुकाट सही करायची, असा आमच्यात करार झाला. (करार म्हणजे ते बोलले आणि मी पंख्याकडे बघत बसलो.)

म्हणजे सगळं आमच्या कुत्र्यावर होतं. त्याचं नाव पिंप्या. वय नऊ, वजन बत्तीस किलो, आकार नावाप्रमाणे. त्याची गाडीतली जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारची पुढची सीट. बाबा चालवणार, पिंप्या पुढे बसून खिडकीतून डोकं बाहेर काढणार, आई मागे. मी मागे आईशेजारी. एकदा एका वळणावर दार नीट लागलेलं नव्हतं आणि पिंप्या जवळजवळ रस्त्यावर गेलाच होता, बाबांनी शेपटी धरून आत ओढला. त्यावर बाबांचं म्हणणं, कुत्र्याला तोल असतो. तोल बाबांचा गेला होता आणि गाडी दुसऱ्या लेनमध्ये, हे मी सांगायचो, पण मी कोण. कॉलेज सोडलेला.

रविवारी मी दुकानातून पिंप्यासाठी छातीपट्टा आणला. त्याला मागे एक आखूड पट्टा आणि त्याच्या टोकाला गाडीच्या पट्ट्याला असते तशी धातूची पट्टी. सीटच्या बकलमध्ये टच्चकन बसवायची, कुत्रा जागचा हलत नाही. मी तीन व्हिडिओ बघितले. घरात जाहीर केलं, की उद्यापासून आमच्या गाडीत कुत्रा मागच्या सीटवर, बांधून. आई म्हणाली, बघ बाबा. बाबा काही म्हणाले नाहीत, म्हणजे त्यांचं मत पक्कं होतं.

सोमवारी सकाळी मी एकटाच पिंप्याला घेऊन निघणार होतो. पण गाडी बाबांची, आणि बाबा आत नसताना ती कुणी चालवलेली नाही. म्हणून मी चालवणार आणि बाबा माझ्या शेजारी, असं ठरलं. आई शेजारी नसेल तर पिंप्या मागे बसणार नाही, म्हणून आई आली. आणि वाटेत कुणी कायदा विचारला तर, म्हणून काका आले. काकांनी तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली. आत जे चालायचं त्यातलं दारातून जेवढं ऐकू येईल, तेवढा त्यांचा कायदा. त्यात निकाल कधीच नसायचा, कारण निकालाच्या वेळी ते पुढच्या केसचं नाव पुकारत असायचे.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी पिंप्याला मागच्या सीटवर चढवलं आणि बकल शोधायला हात घातला. बकल नव्हतं.

म्हणजे होतं, पण आईच्या कव्हरखाली होतं. पुढे बसलेल्या पिंप्याचे केस उडून मागच्या सीटला चिकटतात म्हणून आईनं जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं, सीटला अंगरखा घालावा तसं, दुहेरी शिलाईनं, कडेनं पायपिंग लावून. बकलं टोचतात म्हणून तिन्ही आत. पट्टेही आत. मी कात्री मागितली. म्हटलं, दोन बोटं फाडतो, नंतर शिवून देतो (मला सुईत दोरा ओवता येत नाही). आई पिंप्याच्या मानेवरून हात फिरवत होती. ती वर न बघता म्हणाली,

"आठ वर्षं मी याच सीटवर बसते आहे. माझा पट्टा कुठे गेला ते आजवर कुणी विचारलं नाही. आज कुत्र्यासाठी कात्री हवी होय."

मी कात्रीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. बाबा आरशावरची धूळ पुसायला लागले.

मग म्हटलं, पुढच्या सीटचं बकल तर उघडं आहे. पिंप्याला पुढेच बांधू, बाबा मागे बसतील. हात घातला, तर त्यात आधीच काहीतरी घुसवलेलं. इथे बाबांची नोकरी सांगायला हवी. बाबा वजनमापं तपासायच्या खात्यात होते. जन्मभर दुकानदारांचे खोटे काटे पकडले. तराजूच्या तळाला चिकटवलेलं लोहचुंबक ते नुसत्या नजरेनं ओळखायचे. आणि या माणसानं घरी काय केलं होतं? पुढच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी टुंग टुंग करते. पिंप्याचं वजन बत्तीस किलो, गाडीला वाटायचं माणूस बसलाय, ती टुंग टुंग करत राहायची. बाबांनी स्पेअर पार्टच्या दुकानातून नुसती पट्टी आणून बकलमध्ये खुपसली. गाडी गप्प. कुणी चुकून काढू नये म्हणून वरून सुपरग्लू ओतला.

"म्हणजे तुम्ही गाडीचा काटा मारलात," मी म्हटलं.

"आवाजानं कुत्रा बिथरायचा," बाबा म्हणाले. "मी सोय केली."

साडेदहा झाले. दवाखाना अर्ध्या तासावर. गाडीत एकच बकल मोकळं होतं, ते म्हणजे माझं, ड्रायव्हरचं. आणि इथे मी ते केलं, जे फक्त आमच्याच घरातला माणूस करू शकतो. पिंप्या मागे मधोमध बसलेला. त्याचा आखूड पट्टा मी दोन सीटांच्या फटीतून पुढे ओढला आणि टच्चकन माझ्या बकलमध्ये बसवला. पिंप्या बांधला गेला. मग माझा पट्टा? माझा पट्टा मी छातीवरून आडवा घेतला आणि त्याचं टोक मांडीखाली दाबलं. दिसायला पट्टा, कामाला शोभेची नाडी. गाडीला वाटलं ड्रायव्हर बांधलेला आहे, तिनं आवाज केला नाही. (बाबांना मी जे बोललो होतो, ते याच्या दोन मिनिटं आधी.)

निघालो. पट्टा आखूड असल्यामुळे पिंप्यानं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर ठेवलं आणि कानात श्वास सोडायला लागला. बाबा माझ्या शेजारी, हात हँडब्रेकच्या आसपास. मागे पिंप्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काका. आणि मी बोलायला लागलो.

बोलायला लागलो म्हणजे सगळं काढलं. म्हटलं, पन्नासच्या स्पीडला गाडी अचानक थांबली, तर सुट्टा कुत्रा नुसता बत्तीस किलोचा राहत नाही, तो भिरकावलेल्या कपाटासारखा येतो (फिजिक्सला मी दोनदा नापास आहे, पण एवढं डोक्यात राहिलंय). म्हटलं, तुमच्या पिढीनं सगळं असंच चालवलं. काटा मारून, कव्हर घालून. आवाज आला की आवाज बंद करायचा, बिघाड तसाच ठेवायचा. बाबा समोर बघत होते. काका मात्र खुलले. त्यांचा मुद्दा असा, की कायद्यानं कुत्रा हा माल आहे, तेव्हा त्याला पट्टा लागू होत नाही. आईनं विचारलं, की माल असेल तर भाऊजी, तुम्ही त्याच्यासाठी सरकून का बसलात? काका म्हणाले, ते वेगळं, ती माणुसकी.

असा संवाद चालू असताना आम्ही मोठ्या चौकात पोचलो. सिग्नल हिरवा होता. पुढची स्कूटर मधेच थांबली, का ते तिलाच माहीत. मी ब्रेकवर उभा राहिलो.

आता काय झालं ते क्रमानं सांगतो. काकांचा चष्मा काकांना सोडून डॅशबोर्डवर गेला. आईचं कपाळ बाबांच्या सीटच्या मागच्या बाजूला लागलं. बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला, काकांचा चष्मा त्यांच्या पंजाखाली गेला. माझ्या मांडीखालचा पट्टा सुर्रकन निघून गेला आणि मी छातीनं स्टिअरिंगवर आदळलो. म्हणजे हॉर्नवर. भर चौकात आमच्या गाडीनं असा लांबलचक हॉर्न दिला, की चारही दिशांची माणसं आमच्याकडे बघायला लागली. मला लगेच उठता येईना, त्यामुळे हॉर्न चालूच.

पिंप्या एक इंचही हलला नाही. जागच्या जागी बसून तो आम्हा चौघांकडे एकेक करून बघत होता.

स्कूटर गेली. चौकातला ट्रॅफिक हवालदार आला. त्यानं गाडी कडेला घ्यायला लावली, काचेत वाकला आणि आतलं दृश्य बघितलं. माझा पट्टा खांद्यावर लोंबत होता. माझ्या बकलमध्ये मात्र पट्टी होती. तिच्यावरून त्याची नजर पट्ट्यापट्ट्यानं मागे गेली आणि कुत्र्यावर थांबली.

"या गाडीत पट्टा कुणी लावलाय?" त्यानं विचारलं.

मग कपाळ चोळत आई म्हणाली, "कुत्र्यानं."

काका पुढे सरसावले. चष्म्याविना त्यांना हवालदार दिसत नव्हता, म्हणून ते साधारण आरशाच्या दिशेनं बोलले. कुत्रा माल की प्रवासी, हा मूळ प्रश्न असल्याचं त्यांनी मांडलं. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की आजोबा, ते तुम्ही कोर्टात ठरवा. मला एवढंच कळतं, की गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून कुणी बसायचं नाही, मग तो कुत्रा असो की बायको. आणि माणसांनी पट्टे लावायचे. पावती त्यानं फाडलीच. वर सांगितलं, की सगळे बांधले गेल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही, तो इथेच उभा आहे, त्याची ड्यूटी दोनपर्यंत आहे.

अकराला दहा कमी होते.

मी स्टिअरिंग धरून बसलो. मला मंगळवारची सकाळ दिसायला लागली. तो फॉर्म, ते बाबांचं टपोरं अक्षर, खाली रिकामी रेघ. मला रागानं रडू येत होतं, आणि राग कुणावर काढायचा याची यादी मनात तयार होती. यादीत माझं नाव नव्हतं.

तेवढ्यात मागून टर्रकन आवाज आला. आईनं पर्समधून छोटी कात्री काढली होती आणि ती स्वतःच कव्हर फाडत होती. दुहेरी शिलाई, पायपिंग, सगळं. खाली तिन्ही बकलं निघाली. त्यांच्यावर कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. आईनं ते सोललं, सीटच्या मागे गेलेला पट्टा ओढून काढला, स्वतःला बांधून घेतलं आणि दोनदा ओढून बघितलं. "चांगला आहे की," ती म्हणाली.

आता हिशेब मांडला. मागे तीन बकलं, पुढे माझं एक. पुढच्या सीटचं सुपरग्लूनं गेलेलं. गाडीत चार माणसं आणि एक कुत्रा. एक जण जास्त होत होता. काका म्हणाले, कुत्र्याला उतरवा. पण मुलाखत कुत्र्याची होती. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, की त्यांना चष्म्याविना बस नंबर दिसत नाही, आणि ते खरं होतं. चष्म्याची एक काडी अजून बाबांच्या हातात होती.

बाबांनी ती काडी काकांना दिली. दार उघडून उतरले.

"ते मी चिकटवलंय," ते म्हणाले. "मी बसनं येतो."

चूक कबूल करताना मी बाबांना त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मला ते ओळखायला जरा वेळ लागला. मला वाटलं ते आता खिडकीतून क्लच, गिअर, आरसा अशी यादी देतील. त्यांनी फक्त टपावर दोन थापा मारल्या आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. त्यांची गाडी त्यांच्याशिवाय जात होती, आणि त्यांनी मागे वळून बघितलं नाही. (आरशात बघितलं तर कोपऱ्यावरून बघत होते.)

पिंप्या आई आणि काकांच्या मधे, बांधलेला. काका बांधलेले, तक्रार करत. मी बांधलेला. हवालदारानं हात केला. दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

डॉक्टरबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. मी मागचं दार उघडलं. पिंप्या झेप घेऊन उतरला नाही. मी पट्टा सोडेपर्यंत बसून राहिला, मग एकेक पाय टाकत खाली आला, शेपटी हलवली आणि दवाखान्याच्या खांबाजवळ पाय वर केला. डॉक्टरबाईंनी छातीपट्ट्यात दोन बोटं घालून तो सैल की घट्ट ते बघितलं, पिंप्याच्या छातीला कान लावला. कुत्रा उत्तम आलाय म्हणाल्या. उशीर का झाला?

वाहतूक होती, असं सांगायचं मी ठरवलं होतं. पण आईनं माझ्या आधी सगळं सांगून टाकलं, चौकातल्या हॉर्नसकट. डॉक्टरबाई ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की यात चुकलं कुठे? मी तयारच होतो. सुपरग्लूपासून सुरुवात केली, कव्हरवर आलो, काकांच्या कायद्यापर्यंत पोचलो.

"ते कळलं," त्या म्हणाल्या. "तुमचं काय चुकलं ते विचारतेय."

आई बाजूला बघत होती. काका एका काडीचा चष्मा नाकावर धरून बघत होते. पिंप्यासुद्धा बघत होता.

"मी पट्टा मांडीखाली दाबला होता," मी म्हटलं. "लावल्याचं नाटक केलं. आणि वाटभर यांनाच बोलत होतो."

हे वाक्य घशातून बाहेर यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात मी पाच सेमिस्टर काढली होती. डॉक्टरबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, उद्या सकाळी आठला या. पण स्टिअरिंग लगेच नाही. पहिला महिना मागे जनावरांबरोबर बसायचं. गाडी वळली की त्यांना काय होतं, ब्रेक लागला की काय होतं, ते आधी अंगानं कळू दे. जुने ड्रायव्हर पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत, तोपर्यंत त्यांच्या हाताखाली.

एवढ्यात बाबा बसनं पोचले, घामाघूम. त्यांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारून ओरखडे बघितले, मग आमच्याकडे आले. नोकरी लागली हे ऐकलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग डॉक्टरबाईंना अगदी नम्रपणे त्यांनी सांगितलं, की मुलगा वाईट नाही, पण याला गोष्टी मधेच सोडून यायची सवय आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हरकत नाही. व्हॅनचं मागचं दार बाहेरूनच उघडतं."

बाबा हसले. माझ्या देखत, माझ्यावर, पण हसले. परत येताना ते आणि पिंप्या मागे बसले, आई मधे, तिघंही बांधलेले. या खेपेला बस काकांच्या वाट्याला आली. डॉक्टरबाईंच्या कंपाउंडरनं त्यांच्या चष्म्याला जनावरांच्या जखमेची चिकटपट्टी लावून दिली होती. संध्याकाळी तो कॉलेजचा फॉर्म बाबांनी फाडला नाही. मागची बाजू कोरी आहे म्हणून तिच्यावर किराणा सामानाची यादी लिहिली, आणि यादीत शेवटी सुपरग्लू काढायचं सॉल्व्हंट.

आता मला व्हॅनमध्ये लागून पंधरा दिवस झाले. मागे माझी एक सीट आहे, पट्ट्याची, समोर पिंजरे. जुने ड्रायव्हर मितभाषी गृहस्थ आहेत, गाडी लोण्यावरून नेल्यासारखी नेतात. त्यांना कसं चालवायला हवं ते मी मागून सांगत असतो. आपल्याकडे जनावरांच्या वाहतुकीबद्दल किती अडाणीपणा आहे, आधीच्या पिढीनं काय घोळ घातलेत, तेही सांगतो. ते ऐकून घेतात. मला वाटायचं, मी त्यांच्यात बदल घडवतो आहे.

काल ते चहाला गेले तेव्हा त्यांची वही सीटवर उघडी होती. प्रत्येक फेरीनंतर गाडीत कोण होतं आणि वाटेत कसं वागलं, ते लिहून डॉक्टरबाईंना दाखवायची पद्धत आहे. मी आदल्या दिवशीची नोंद वाचली.

'मागे तीन. मांजर : झोपून. ससा : शांत. तिसरं : पट्टा लावून नीट बसतं, पण वाटभर ओरडतं.'

खाली डॉक्टरबाईंच्या अक्षरात शेरा होता : 'सुधारणा आहे. औषध नको. आणखी महिनाभर मागेच ठेवा.'